सर्दी-खोकला गेला, पण दाढा ठणकतात: दाढ काढायची घाई करू नका

एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांच्या आई ६२ वर्षांच्या, निफाडजवळच्या गावात राहतात, बऱ्याच वर्षांपासून मधुमेह आहे. डिसेंबरच्या थंडीत घरातल्या सगळ्यांनाच व्हायरल झालं. आईंचा ताप चार दिवसांत उतरला, पण चोंदलेलं नाक आणि खोकला दोन आठवडे चालला. आता तोंडाला सारखी कोरड पडते, ब्रश केला की हिरड्यांतून रक्त येतं, जिभेवर पांढरा थर आहे आणि उजवीकडच्या वरच्या तीन-चार दाढा एकदम दुखतात. गावात कुणीतरी सांगितलं, "दाढा किडल्यात, काढून टाका." हे सगळं त्या सर्दी-खोकल्यामुळे झालं का, आणि दाढा काढाव्यात का, असं त्या विचारतात.

ताई, आधी दाढांचं सांगतो. नीट तपासणी आणि एक्स-रे झाल्याशिवाय आईंची एकही दाढ काढू देऊ नका. सर्दीनंतर वरच्या तीन-चार दाढा एकाच वेळी दुखायला लागल्या, तर बहुतेक वेळा दुखणं दाढांचं नसतं, त्यांच्या वर असलेल्या सायनसचं असतं. चार दाढांना एकाच आठवड्यात कीड लागून त्या एकदम ठणकायला लागल्या, असं होत नाही.

पण आईंना मधुमेह आहे आणि दुखणं एकाच बाजूला आहे. म्हणून पुढचं वाचायच्या आधी एक काम करा. त्यांना खुर्चीत बसवून मान मागे करायला सांगा आणि मोबाईलच्या टॉर्चच्या उजेडात टाळू बघा. टाळूवर किंवा हिरडीवर काळसर डाग किंवा जखम आहे का? उजवा गाल बधिर लागतो का? नाकातून काळपट किंवा रक्ताळलेला स्राव येतो का? डोळ्याभोवती सूज, एकाचे दोन दिसणं, वरचे दोन-चार दात अचानक हलायला लागणं, हिरडीतून पू येणं? यातलं एकही असेल तर आजच्या आज मोठ्या रुग्णालयात कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा, दातांच्या डॉक्टरकडे थांबू नका. २०२१मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेनंतर म्युकरमायकोसिसचे, म्हणजे काळ्या बुरशीचे, जे रुग्ण आले, त्यांच्यातले कितीतरी जण आधी "दात हलतोय", "दाढ दुखतेय" एवढीच तक्रार घेऊन दंतवैद्यांकडे आले होते. वाढलेली साखर आणि त्यात कोविडसाठी दिलेली स्टेरॉइड्स, हे त्यामागचं मुख्य कारण होतं. साध्या व्हायरलनंतर हा आजार क्वचितच होतो. पण साखर ताब्यात नसलेल्या माणसाच्या बाबतीत मी तो शक्यतेतून कधीच वगळत नाही, कारण यात एकेक दिवस मोलाचा असतो. आईंना दवाखान्यात सलाईनमधून किंवा गोळ्यांतून स्टेरॉइड दिलं होतं का, तेही कागदांत बघून ठेवा.

तसं काही दिसलं नाही, तर आता दाढांकडे वळू.

गालाच्या हाडात दोन्ही बाजूंना एकेक पोकळी असते, तिला मॅक्सिलरी सायनस म्हणतात. वरच्या दाढांची मुळं या पोकळीच्या तळाला लागून असतात. काही जणांमध्ये मुळाचं टोक आणि सायनसचं अस्तर यांच्यात हाडाचा नुसता पापुद्रा असतो, कधी तोही नसतो. विषाणूमुळे हे अस्तर सुजतं, पोकळीचं नाकात उघडणारं तोंड बंद होतं आणि आत स्राव साठतो. वरच्या दाढांच्या नसा याच पोकळीच्या भिंतीतून जातात. त्यांच्यावर दाब आला की कळ दाढेतूनच येतेय असं वाटतं.

काढणीच्या ऐन दिवसांत पिंपळगावकडचे एक द्राक्षबागायतदार माझ्याकडे आले होते. "ही दाढ काढून मला मोकळं करा, कॅरेट उचलायला वाकलं की जीव जातो," म्हणाले. तोंडात बघण्याच्या आरशाच्या दांड्याने मी एकेक दात हलकेच ठोकून पाहिला. वरच्या डाव्या बाजूच्या चारही दाढा सारख्याच दुखल्या, खालची एकही नाही. मग गार केलेला कापसाचा बोळा प्रत्येक दाढेला लावला. गारवा जाणवायचा आणि बोळा काढताच थांबायचा. आतली नस निरोगी असल्याची ही खूण. एक्स-रेमध्ये कीड नव्हती, मुळाशी काही नव्हतं. गालाच्या हाडावर अंगठ्याने दाबलं तेव्हा मात्र ते खुर्चीत ताडकन सरळ झाले. आठवडाभरापूर्वी सर्दी झाली होती, ती त्यांनी सांगितलीही नव्हती, कारण दाढेचा आणि सर्दीचा संबंध असेल असं त्यांच्या मनातच आलं नाही. त्यांना कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे पाठवलं, दाढांना हात लावला नाही. सायनस मोकळा झाला तशी कळ गेली. त्या दाढा अजून त्यांच्या तोंडात आहेत.

आईंना घरीच काही गोष्टी विचारा. खाली वाकल्यावर, जिना उतरताना किंवा गाडी खड्ड्यातून गेल्यावर ठणका वाढतो का? बोट ठेवून "हीच ती दाढ" असं दाखवता येतं, की "इथे सगळीकडेच" म्हणतात? वाकल्यावर वाढणारं आणि पसरट दुखणं सायनसकडे बोट दाखवतं. गार पाण्याने कळ येते आणि पाणी गिळल्यावरही रेंगाळते, एकाच दाढेवर चावलं की टोचतं, रात्री झोपेतून उठवतं, असं असेल तर दोष दाढेत असण्याची शक्यता मोठी.

याच्या उलटंही घडतं. वरच्या किडलेल्या दाढेच्या मुळाशी पू झाला की तो सायनसमध्ये उतरतो. मग एकाच नाकपुडीतून घाण वासाचा स्राव येतो, आणि माणूस महिनोन् महिने सर्दीची औषधं घेत राहतो. म्हणून एक्स-रे लागतोच. नुसत्या वर्णनावरून मीही ठाम सांगणार नाही.

विषाणूमुळे झालेली सायनसची सूज साधारण सात ते दहा दिवसांत ओसरायला लागते. दहा दिवसांनंतरही उतार नाही, किंवा बरं वाटून पुन्हा बिघडलं, तर जिवाणूंचा संसर्ग झालेला असू शकतो. आईंना दोन आठवडे होऊन गेलेत, तेव्हा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवाच. घरात उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या मात्र तुमच्या मनाने देऊ नका. विषाणूवर त्या चालत नाहीत, आणि तोंडात बुरशी वाढायला मदत करतात.

आता कोरडीबद्दल. माझ्या मते आईंच्या बाकीच्या तक्रारींचं मूळ इथे आहे. सर्दी-तापाचा विषाणू दाताला भोक पाडत नाही. आजारपणात तोंडाची राखण करणारी लाळ कमी होते, आणि नेमक्या त्याच दिवसांत आपण तोंडात साखर घालतो आणि ब्रश बाजूला ठेवतो. ह्या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की दोन आठवड्यांत तोंडाची दशा होते.

निरोगी माणसाच्या तोंडात दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. ती दातावरचं आम्ल धुऊन काढते, बायकार्बोनेटने ते शमवते, झिजलेल्या पृष्ठभागाला कॅल्शियम आणि फॉस्फेट परत देते. जंतूंना आवर घालणारी द्रव्यंही तिच्यात असतात. तापात अंगातलं पाणी कमी होतं. नाक चोंदलं की माणूस रात्रभर तोंडाने श्वास घेतो. वर सर्दीच्या गोळ्या. सेटिरिझिन, क्लोरफेनिरामिन यांसारखी अँटिहिस्टॅमिन औषधं नाकातलं पाणी सुकवतात तशी लाळही सुकवतात, आणि ती सर्दी-खोकल्याच्या कितीतरी एकत्रित गोळ्यांत आणि सिरपमध्ये असतात. आईंना रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर त्यात आणखी भर. साखर वाढली की लघवी वाढते आणि तोंड आणखी सुकतं. कोविडचं थोडं वेगळं आहे. त्याचा विषाणू खुद्द लाळग्रंथींच्या पेशींत शिरतो, हे २०२१मध्ये संशोधकांनी दाखवून दिलं. त्यामुळे कोविडनंतरची कोरड आणि गेलेली चव काही जणांमध्ये जास्त दिवस राहते.

तपासताना हे लगेच कळतं. ओल्या तोंडात आरसा गालावरून सहज सरकतो. कोरड्या तोंडात तो गालाला चिकटतो, सोडवून घ्यावा लागतो. घरी विचारायचं झालं तर एवढंच विचारा: पाण्याशिवाय भाकरीचा घास गिळता येतो का?

दाताचं वरचं आवरण, म्हणजे इनॅमल, तोंडातला सामू (पीएच; तो जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण ५.५च्या खाली गेला की विरघळायला लागतं. साठीनंतर हिरड्या खाली सरकून मुळं उघडी पडलेली असतात. मुळावर इनॅमल नसतं, त्यामुळे ते त्याच्या आधीच, कमी आम्लातही झिजायला लागतं. म्हणून वयस्कर माणसांच्या आजारपणानंतर मी हिरडीच्या कडेची, मुळावरची कीड मुद्दाम शोधतो. सुरुवातीला ती दुखत नाही.

आणि आता साखर. आईंच्या उशाशी काय काय असायचं ते आठवून बघा. खोकल्याच्या सिरपची बाटली असेलच. लेबलवर सुक्रोज किंवा शुगर सिरप बेस लिहिलं आहे का ते वाचा. ते सिरप आपण देतो रात्री झोपताना, सगळं आवरल्यावर. झोपेत लाळ जवळजवळ बंद होते, आणि तो गोड थर सकाळपर्यंत दातावर बसून राहतो. शिवाय घशाला आराम म्हणून दिवसभर चघळायच्या गोळ्या, खडीसाखरेचा खडा, आलं-गुळाची वडी, मध घातलेला काढा. एकूण साखर किती गेली याच्याइतकंच, ती दिवसातून किती वेळा गेली याला महत्त्व आहे. दर अर्ध्या तासाने खडा तोंडात असेल तर तोंडातलं आम्ल शमायला सवडच मिळत नाही. व्हिटॅमिन सीच्या चघळायच्या गोळ्या तर आम्लच असतात. कोविडच्या काळापासून त्या घरोघरी चॉकलेटसारख्या खाल्ल्या जातात, हे मला अजिबात पटत नाही. घ्यायच्याच असतील तर गिळायच्या घ्या.

काढ्यालाही विरोध नाही, पण बेताने. मिरी, सुंठ, लवंग उकळून कढत कढत दिवसातून चार-पाच वेळा घेतलं की कोरड्या तोंडाची नाजूक त्वचा सोलवटते, आणि मग "व्हायरलमुळे तोंड आलं" असं वाटतं. काढा कोमट होऊ द्या, गूळ-मध घालू नका. ज्येष्ठमधाची काडी साखरेपेक्षा बरी, पण रक्तदाब असेल तर रोज नको. जास्त ज्येष्ठमधाने रक्तदाब चढतो.

हिरड्यांतून रक्त का येतं? खोकल्याची उबळ येते, ब्रश आत घातला की मळमळतं, अंगात त्राण नसतं. मग आजारी माणूस आठ-दहा दिवस नुसती चूळ भरतो. दातावर साचलेल्या थराने हिरड्या किती लवकर सुजतात, याचा डेन्मार्कमध्ये झालेला एक प्रयोग १९६५ साली प्रसिद्ध झाला. निरोगी हिरड्यांच्या तरुणांना दात घासणं पूर्ण थांबवायला सांगितलं. दहा ते एकवीस दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या, आणि घासणं पुन्हा सुरू केल्यावर साधारण आठवड्यात पूर्ववत झाल्या. तेव्हा रक्त येतंय म्हणून ब्रश थांबवू नका. लोक नेमकं तेच करतात आणि दुखणं वाढवतात. मऊ ब्रश घ्या, हिरडी आणि दात यांच्या कडेवर हलक्या हाताने फिरवा. पहिले काही दिवस रक्त येईल, मग कमी होत जाईल. आठ-दहा दिवसांनी कमी झालं नाही, तर आत कीटण असतं, ते आमच्याकडे येऊन साफ करून घ्यावं लागतं. आईंच्या बाबतीत हे जास्त तातडीचं आहे, कारण सुजलेल्या हिरड्या साखर वाढवतात आणि वाढलेली साखर हिरड्या बिघडवते.

एक गोष्ट आईंना एकांतात, प्रेमाने विचारा: मिशरी लावतात का? निफाड, सिन्नर, येवला या बाजूच्या पुष्कळ आयाबहिणींना ही सवय आहे, आणि हिरडी दुखली की त्या मिशरीचं बोट जास्तच फिरवतात. बधिरपणामुळे बरं वाटतं. पण ती भाजलेली तंबाखूच आहे. आधीच सुजलेल्या, कोरड्या हिरडीवर ती जखम करते आणि कर्करोगाचा धोका वाढवते. रागावू नका, नाहीतर त्या तुम्हालाच काय, डॉक्टरलाही सांगणार नाहीत.

हिरड्यांतल्या रक्ताबाबत एक सावधगिरी सगळ्यांसाठीच सांगतो. पावसाळ्यात आणि त्यानंतर नाशकात डेंग्यू असतोच. ताप चालू असताना किंवा नुकताच उतरल्यावर, ब्रश न करताही हिरड्यांतून रक्त येत असेल, अंगावर लाल ठिपके असतील, पोटात जोरात दुखत असेल, तर ती दातांची तक्रार समजू नका. त्याच दिवशी फिजिशियनकडे जाऊन रक्त तपासा. तोपर्यंत अंगदुखी-दातदुखीसाठी ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक अजिबात देऊ नका.

जिभेवरचा पांढरा थर ओल्या कापडाने हलकेच पुसून बघा. पातळ थर असेल आणि जीभ साफ केल्यावर जात असेल, तर तो कोरड आणि न घासल्यामुळे साचलेला. दह्याच्या कवडीसारखे पांढरे डाग असतील, पुसल्यावर खाली लालबुंद दिसत असेल, गालाच्या आतही असतील आणि तिखटाने आग होत असेल, तर ती बुरशी. मधुमेह, अँटिबायोटिक, स्टेरॉइड आणि खोकल्यासाठी दिलेला पंप (इनहेलर), यांनंतर ती बऱ्याचदा दिसते. पंप घेतल्यावर प्रत्येक वेळी खळखळून चूळ भरून थुंकायची, हे रुग्णाला कुणी सांगितलेलंच नसतं. बुरशीवर औषध आहे आणि ते लवकर लागू पडतं, पण ते तपासून घ्या. कवळी असेल तर रात्री ती काढून, घासून, पाण्यात ठेवा. कवळी घालून झोपणाऱ्या वृद्धांमध्ये न्यूमोनिया जास्त आढळतो, कारण कवळीखाली वाढलेले जंतू झोपेत लाळेबरोबर फुप्फुसात उतरतात. खोकल्यातून नुकत्याच उठलेल्या माणसासाठी ही लहान गोष्ट नाही.

घरात लहान मुलं असतील म्हणून थोडक्यात दोन गोष्टी. तापानंतर ओठाच्या कडेला ताप मुतला, म्हणजे पाण्याचे बारीक फोड आले, तर खपली धरून पडेपर्यंत त्या माणसाने बाळाचे मुके घेऊ नयेत. आणि ताप, खोकला, लाल डोळे असलेल्या मुलाच्या गालाच्या आत, दाढांसमोर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसले, तर तो गोवर असू शकतो. हे ठिपके पुरळाच्या एक-दोन दिवस आधी येतात. आपल्याच जिल्ह्यात मालेगावला २०२२ मध्ये गोवराचा उद्रेक झाला होता, तेव्हा लसीचे डोस राहिले नाहीत ना, ते बघा.

आता आईंनी आजपासून काय करायचं? दिवसभर थोडं थोडं साधं पाणी, घोटाघोटाने. ग्लासभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून दिवसातून तीन-चार वेळा गुळण्या, आणि गुळणी गिळायची नाही. फ्लोराइड असलेली पेस्ट वापरायची, ट्यूबवर १००० ते १५०० पीपीएम लिहिलेलं बघा. रात्री घासल्यावर पेस्ट थुंकून टाकायची, पण वर भरपूर चुळा भरायच्या नाहीत. खोकल्याचं औषध अजून लागत असेल तर डॉक्टरांना बिनसाखरेचं मागा आणि रात्रीचा डोस ब्रश करायच्या आधी द्या. उबळीत उलटी झाली तर लगेच ब्रश नको. आधी चिमूटभर खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्याने चूळ भरायची, अर्ध्या तासाने घासायचं. क्लोरहेक्सिडिनचं माउथवॉश कुणी दिलं असेल तर ते दोन आठवड्यांच्या वर वापरू नका, दातांवर डाग पडतात आणि चव बिघडते. दुखऱ्या दाढेपाशी लवंग तेल किंवा ॲस्पिरिनची गोळी दाबून ठेवू नका. दोन्हींनी हिरडी भाजते, आणि अशी भाजलेली हिरडी मी आजही नेहमी बघतो.

ब्रश बदलायचा का, असं बरेच जण विचारतात. ज्या विषाणूतून माणूस नुकताच बरा झाला, तो स्वतःच्याच ब्रशवरून पुन्हा लगेच होईल अशी भीती नाही. पण घरातल्या सगळ्यांचे ब्रश एकाच पेल्यात एकमेकांना चिकटून उभे असतील, तर ते आधी वेगळे करा.

दातांच्या तपासणीला ताप पूर्ण गेल्यावर आणि खोकल्याची उबळ कमी झाल्यावर न्या. फक्त चेहऱ्यावर सूज, तोंड न उघडणं किंवा गिळायला त्रास असेल तर थांबू नका. खर्चाची अडचण असेल तर पंचवटीत महात्मा गांधी विद्यामंदिराचं दंत महाविद्यालय आहे, तिथेही तपासणी होते. वेळ सकाळची घ्या. आईंनी नेहमीसारखी न्याहारी आणि मधुमेहाची गोळी घेऊनच निघायचं, उपाशीपोटी आणू नका. सोबत सर्दीत घेतलेल्या सगळ्या औषधांच्या रिकाम्या स्ट्रिप्स, सिरपची बाटली, पंप असेल तर तो, आणि साखरेचा ताजा रिपोर्ट आणा. तीन महिन्यांच्या सरासरीची साखर अलीकडे तपासली नसेल, तर ती येण्याआधीच करून घ्या.